वेधातली मुलाखत

प्र. तुमची पहिली भेट कुठे झाली?
उ. फ्रिस्को इथे, एका मित्राच्या लग्नात.

हे उत्तर दोघांच्या तोंडून शब्दाला शब्द सारखं यायचं. येणारच. ते परीक्षितने टाइप केलं होतं आणि रीमाकडून पाठ करून घेतलं होतं.

खरी गोष्ट जरा लांब होती. अक्षतच्या लग्नात वरातीसाठी भाड्याने आणलेली पांढरी घोडी डॅलसजवळच्या फ्रिस्कोतल्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये ढोलाच्या आवाजाने बिथरली आणि एका जागी खिळून उभी राहिली. पाठीवर नवरदेव. खाली उतरायचीही त्याला सोय नाही, कारण कुणी जवळ गेलं की घोडी लाथ उगारायची. कुणीतरी घोड्यांच्या डॉक्टरला फोन केला. धुळीने भरलेल्या पिकअप ट्रकमधून गमबूट घातलेली एक मुलगी उतरली, घोडीच्या पोटाला कान लावून डोळे मिटून उभी राहिली, आणि मग ढोलवाल्यांवर मराठीत ओरडली, "अरे, गप्प बसा की रे जरा! तिला ऐकू दे!" घोडीला काय ऐकायचं होतं ते परीक्षितला आजतागायत कळलेलं नव्हतं. पण घोडी चालू लागली होती.

"हे सांगू या ना," रीमा म्हणाली होती. "मस्त स्टोरी आहे."

"नको. ऑफिसरला शंका येईल."

"कसली? घोडीची?"

"रीमा, प्लीज. एक ओळ. मित्राच्या लग्नात."

प्र. तुमच्या पतीची सध्याची इमिग्रेशन स्थिती काय आहे?
उ. ते वर्क व्हिसावर आहेत.

आणि तो व्हिसा जूनमध्ये संपणार होता. नागपूरहून आलेला परीक्षित एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करत होता. कंपनीने त्याचं ग्रीन कार्डचं काम सुरू केलं, मग कंपनीच विकली गेली, आणि नव्या मालकांनी ते काम गुंडाळून ठेवलं. रीमा ह्यूस्टनला जन्मलेली, इथली नागरिक. दोघांचं लग्न झालं ते घोडीच्या त्या प्रकरणानंतर वर्षभराने, व्हिसाचा कुणी विचारही केला नव्हता तेव्हा. पण आता अर्ज त्याच लग्नाच्या जोरावर होता, आणि अशा अर्जात सरकारला एकच गोष्ट करायची असते: हे लग्न खरं आहे की कागदापुरतं, ते समोर बसून तपासायचं. तपासात नापास, म्हणजे नागपूर. तो तिथे, ती इथे. की तीही तिथे? टेक्सासमधले घोडे सोडून? हा प्रश्न यादीत नव्हता. घरातही नव्हता. त्याच्याभोवती दोघं फिरायची, जेवणाच्या टेबलाभोवती फिरावं तशी.

यादी अक्षतने पाठवली होती. तो आता फ्रीमाँटला राहायचा, त्याचंही कार्ड लग्नावरून झालेलं. "यार, हे घोकून जा," असं त्याने लिहिलं होतं, "ते काहीपण विचारतात. टूथब्रशचा रंगसुद्धा." बस. परीक्षित बारावीला बोर्डात आलेला मुलगा. त्याने अक्षतच्या यादीत स्वतःची भर घातली, उत्तरं लिहिली, रंग दिले. पलंगाची कुठली बाजू कुणाची, भांडी कोण घासतं, शेवटचं भांडण कशावरून. या शेवटच्या प्रश्नासाठी दोघांनी बसून एक भांडण ठरवलं. थर्मोस्टॅट, घर किती थंड ठेवायचं ते.

वकीलबाईंनी फोनवर सांगितलं होतं, खरं तेवढं सांगा, बाकी काही लागत नाही. पण खरं सांगायची तयारी कशी करायची असते, हे परीक्षितला कुणी शिकवलंच नव्हतं.

प्र. तुमच्यासोबत आणखी कोण राहतं?
उ. सध्या पतीची आई, भारतातून भेटीला आलेली.

मुलाखतीची तारीख आली आणि आईने फ्रिजवरच्या कॅलेंडरपुढे उभं राहून कपाळावर हात मारला.

"अरे बाप्पा! त्याच दिवशी?"

त्याच दिवशी सूर्यग्रहण होतं. साधंसुधं नाही, खग्रास, आणि सावली नेमकी डॅलसवरून जाणार होती. शहरातली हॉटेलं महिनोन्महिने आधी भरली होती. लोक विमानं करून येणार होते. आणि नीलांबरीबाई कुळकर्णी, वय एकोणसत्तर, मुक्काम धरमपेठ, यांनी नागपूरच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. गुरुजी म्हणाले, इथे दिसणार नाही, तेव्हा इथे पाळायचं कारण नाही. तुम्ही आहात तिथे दिसणार, तर तुम्हाला वेध लागणार.

"तारीख पुढं ढकल," आई म्हणाली.

"आई, पुढची तारीख जूनच्या नंतर आली तर?"

"ग्रहणात कोणी शुभ काम करून राहिलं का रे?"

"हे शुभ काम नाही. सरकारी काम आहे."

"तुझं इथलं राहणं ठरून राहिलं, आन् म्हणे शुभ नाही!"

आदल्या रात्री आईने दुधाच्या कार्टनवर, लोणच्यावर, पाण्याच्या फिल्टरवर, एवढंच काय रीमाच्या प्रोटीन बारच्या खोक्यावरही तुळशीचं एकेक पान ठेवलं. नागपूरहून आणलेल्या संत्रा बर्फीच्या डब्यात दोन पानं. ही बर्फी काम झाल्यावर साहेबांना द्यायची, असा तिचा बेत होता. परीक्षितने तिला समजावलं की साहेबांना बर्फी दिली तर त्यालाच आत टाकतील. आई म्हणाली, एवढीशी बर्फी खाल्ल्याने कोणी आत टाकत नाही.

सकाळी कुणीही काही खाल्लं नाही. म्हणजे स्वयंपाकघरात तरी नाही. परीक्षित "गॅस भरून आणतो" म्हणून बाहेर पडला, पेट्रोल पंपावरच्या दुकानात एक डोनट घेतला आणि गाडीतच चार घासांत संपवला. रीमाच्या ट्रकमध्ये खाण्याचं काही ना काही असायचंच, ती आपलं बघून घेईल, असं त्याने गृहीत धरलं. म्हणजे खरं तर त्याने तो विचारच केला नाही.

आई घरी एकटी थांबेना. तिला ट्रकच्या मागच्या सीटवर बसवलं, खिडक्यांना चादर लावली. टोलरोडवर सगळीकडे लोक घडीच्या खुर्च्या आणि कूलर घेऊन चाललेले. सगळं शहर सहलीला निघालं होतं आणि त्यांचा ट्रक परीक्षेला.

प्र. तुम्ही शपथेवर खरं सांगाल का?
उ. हो.

ऑफिसर ओर्टेगा नावाच्या बाई होत्या. पन्नाशीच्या, केस अगदी बारीक कापलेले, आवाज थकलेला पण वाईट नाही. टेबलावर त्यांचाही ग्रहणाचा पुठ्ठ्याचा चष्मा पडला होता.

पहिला भाग इतका सुरळीत गेला की परीक्षितला मनातून गुदगुल्या होऊ लागल्या. प्रत्येक प्रश्न यादीतला. तो उत्तर द्यायचा, रीमा उत्तर द्यायची, दोन्ही उत्तरं एका साच्यातून काढलेल्या मोदकांसारखी.

"कुठे भेटलात?"

"फ्रिस्को इथे, एका मित्राच्या लग्नात," तो म्हणाला.

"फ्रिस्को इथे, एका मित्राच्या लग्नात," ती म्हणाली, आणि क्षणभर थांबली, जणू तिला आणखी काही सांगायचं होतं. परीक्षितने टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला.

"शेवटचं भांडण?"

"थर्मोस्टॅट," दोघं एकदम म्हणाली.

ओर्टेगाबाईंनी पेन खाली ठेवलं. दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मी हे काम खूप वर्षं करते आहे," त्या म्हणाल्या. "खरी नवरा-बायको एकमेकांना अडवतात. नाही, असं नव्हतं, तसं होतं म्हणतात. तुम्ही एकदाही अडवलं नाहीत. मी तुमच्याशी वेगवेगळं बोलणार आहे."

परीक्षितने टेबलाखालचा पाय मागे घेतला.

रीमा आधी आत राहिली. तो बाहेर खुर्चीवर बसला, समोरच्या भिंतीवरच्या झेंड्याच्या पट्ट्या बघत. मग ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. आजारी घोड्याच्या मालकाशी बोलताना ती असाच चेहरा करायची. तो आत गेला.

प्र. आज सकाळी तुम्ही दोघांनी काय खाल्लं?
उ.

हा प्रश्न यादीत होता. उत्तर हिरव्या रंगात होतं. त्याचं तोंड त्याच्याआधी बोललं.

"ओटमील. दोघांनीही. दालचिनी घालून."

ओर्टेगाबाईंनी काहीतरी लिहिलं. त्यांच्या पेनाचा आवाज ऐकता ऐकता परीक्षितला समजलं की त्याने शपथेवर खोटं सांगितलं आहे. तेही ओटमीलबद्दल. कुणाचं काही वाचवायला नाही, कुणापासून काही लपवायला नाही. पाठ होतं म्हणून.

"तुमची पत्नी कशाला घाबरते?" बाईंनी विचारलं.

यादीत नव्हता.

"घाबरत नाही ती कशाला," तो म्हणाला. "घोड्यांची डॉक्टर आहे."

"सगळे कशाला ना कशाला घाबरतात, मिस्टर कुळकर्णी."

तो शोधू लागला. साप? नाही. रक्त? छे. विमान? रीमा विमान उडायच्या आत झोपायची. दीड वर्षं एका छताखाली, आणि त्याच्याकडे एकही...

दारावर टकटक झाली. कुणीतरी डोकं आत घालून ओर्टेगाबाईंना म्हणालं, व्हॅल, पाच मिनिटं राहिलीत, सगळे खाली चाललेत. ओर्टेगाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, चष्मा उचलला. "चला," त्या म्हणाल्या. "हे चुकवलं तर मी स्वतःला माफ करणार नाही. फक्त माझं काम होईपर्यंत तुम्ही दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. समजलं?"

प्र.

पार्किंगमध्ये सगळे होते. युनिफॉर्मातले पहारेकरी. फायली छातीशी धरलेली कुटुंबं, कुठल्या कुठल्या देशांची. कडेवर बाळ घेतलेली एक बाई. ऑफिसर आणि अर्जदार, सगळ्यांनी माना वर केलेल्या, सगळ्यांच्या नाकावर एकसारखे पुठ्ठ्याचे चष्मे.

परीक्षित ओर्टेगाबाईंशेजारी दारापाशी उभा राहिला. रीमा पार पलीकडे, ट्रकजवळ गेली होती. मध्ये सगळं पार्किंग.

सकाळपासून ढग होते. आता ते विरत चालले होते.

ऊन होतं, पण त्यातली ऊब कुणीतरी काढून घेतल्यासारखं. माणसांच्या सावल्या इतक्या रेखीव झाल्या की डांबरावर स्वतःच्या डोक्यावरचे केस दिसत होते. वारा सुटला. गार. काळ्या ग्रॅकल पक्ष्यांचा एक थवा कलकलाट करत ओकच्या झाडांत शिरला आणि गप्प झाला. पार्किंगचे दिवे आपले आपण लागले.

आणि मग

मोठा दिवा कुणीतरी

नाही. दिव्यासारखं नव्हतं ते. परीक्षितला नंतर पुष्कळदा सांगावंसं वाटलं आणि दर वेळी त्याचं वाक्य इथेच अडकलं. सूर्य होता तिथे एक काळं भोक होतं. भोकाभोवती पांढरी आयाळ, हलत नसूनही वाऱ्यावर असल्यासारखी. चहूबाजूंनी, क्षितिजाच्या पूर्ण कडेने, एकदम संध्याकाळ झालेली. भर दुपारी शुक्र. माणसं ओरडली. शब्द नव्हते त्या ओरडण्यात. कडेवरचं बाळ मात्र गप्प होतं, आ वासून.

"ओ डिओस," ओर्टेगाबाईंनी स्पॅनिशमध्ये देवाला हाक मारली, आणि न बघता हाताला लागली ती बाही घट्ट धरली. ती परीक्षितची होती.

त्याला वाटलं, हे वर चाललं आहे ते कुणाच्याही परवानगीने चाललेलं नाही. इथे आलेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी विचारलं होतं, तू कोण, कुठला, किती दिवस. आणि वर ते. विचारणारे आणि उत्तरं देणारे खाली एकाच काळोखात उभे. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. त्याने नजर खाली आणली, जमीन आहे ना हे बघायला, आणि म्हणून त्याला पुढचं दिसलं.

ट्रकची चादर बाजूला झाली. रीमाने मागचं दार उघडून आत हात दिला. मग आई उतरली, मान खाली घालून, पदर डोळ्यांवर ओढून. आईने आयुष्यात एकही ग्रहण पाहिलं नव्हतं. तिने ग्रहणं फक्त पाळली होती, दारं लावून, डोळे मिटून, पोटात कळ येईपर्यंत उपाशी राहून. रीमा तिला काहीतरी सांगत होती. वर बोट दाखवत नव्हती. आईचे दोन्ही हात धरून तिच्या तोंडाकडे बघत बोलत होती. आईने आधी रीमाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्यावर पडलेल्या त्या उजेडाकडे. मग हळूहळू मान वर केली.

"अगं माय!"

सगळ्या पार्किंगला ऐकू गेलं. काही लोकांनी वळून पाहिलं. आई वर बघत उभी होती, पदर खांद्यावरून घसरलेला, तोंड लहान मुलीसारखं उघडं.

रीमा मात्र ट्रकच्या मागच्या फळीवर बसली. बसली म्हणजे धरून, जपून, चक्कर आलेलं माणूस बसतं तशी. आईने आकाशावरची नजर काढली. तिच्याकडे पाहिलं. पिशवीत हात घातला, डबा काढला, झाकण उघडलं. तुळशीचं पान चिमटीने उचलून बाजूला केलं. आणि डोक्यावर खग्रास ग्रहण असताना, वेधात, उघड्यावर, नीलांबरीबाईंनी बर्फीचा तुकडा सुनेच्या तोंडात घातला. मग दुसरा.

ज्या बाईने तापाने फणफणलेल्या परीक्षितला लहानपणी ग्रहण सुटेपर्यंत पाणी दिलं नव्हतं.

तेव्हा त्याला समजलं. रीमाने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ती कशाला पाळेल? तिला वेध म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं. मग घरात आई उपाशी आहे एवढ्यासाठीच ना? कुणी सांगितलं नव्हतं तिला. ती कुणाला बोललीही नव्हती.

वर, काळ्याच्या कडेला, एक थेंब पेटला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी, कोण जाणे. ग्रॅकल पुन्हा ओरडू लागले, पहाट झाली असं समजून.

प्र. आणखी काही सांगायचं आहे?

"हो," परीक्षित म्हणाला.

ओर्टेगाबाईंचे डोळे अजून ओले होते. त्या लपवत नव्हत्या.

"ओटमील खोटं आहे. आम्ही प्रश्नांची यादी करून पाठ केली होती. त्यात ओटमील होतं. मी पेट्रोल पंपावर डोनट खाल्ला, आईपासून लपवून, कारण ग्रहण संपेपर्यंत खायचं नसतं असं आमच्यात मानतात. माझी बायको उपाशी आहे. होती. हे मला आत्ता खाली कळलं. थर्मोस्टॅटवरून आम्ही कधीच भांडलो नाही. आम्ही भांडलो ते... नागपूरवरून. म्हणजे मी जूनमध्ये गेलो तर तिने यायचं की नाही. खरं तर भांडलोही नाही. बोललोच नाही. आणि ती कशाला घाबरते हे मला माहीत नाही. मी पुष्कळ विचार केला. मला माहीत नाही."

बाईंनी कागद उलटला आणि चष्मा लावला. या वेळी वाचायचा.

"सकाळी काय खाल्लं, हे मी तुमच्या पत्नीलाही विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांचं उत्तर वाचते. 'मी काही नाही. परीक्षितने डोनट, साखरेच्या पाकातला. त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर पाक लागला होता, सासूबाई बघायच्या आत मी तो पुसला, त्याला कळलं नाही. पण तो तुम्हाला ओटमील सांगेल. प्लीज त्याला खोटारडा समजू नका. त्याला भीती वाटली की तो पाठांतर करतो.'"

परीक्षितचा हात आपोआप दुसऱ्या बटणावर गेला. बटण कोरडं होतं, स्वच्छ. कधी पुसलं तिने? ट्रकमध्ये चढताना? सिक्युरिटीच्या रांगेत? त्याच्या छातीवर तिचा हात येऊन गेला आणि त्याला पत्ता नाही. त्याला एकदम तसंच वाटलं जसं बाहेर वाटलं होतं. काहीतरी प्रचंड त्याच्या अगदी वर इतके दिवस होतं आणि तो खाली बघून चालत होता.

"त्यांना आत बोलवा," ओर्टेगाबाई म्हणाल्या.

रीमा आली. ओठाच्या कडेला बर्फीचा कण होता. परीक्षितने हात पुढे केला, अडखळला, मग टिपला. तिने भुवई उंचावली.

"मी हा अर्ज मंजूर करते आहे," बाई म्हणाल्या. "लग्नाला अजून दोन वर्षं झालेली नाहीत, तेव्हा कार्ड दोन वर्षांचंच मिळेल. ते संपायच्या आधी पुन्हा अर्ज करायचा. तेव्हाही लग्न खरं आहे हे दाखवावं लागेल."

"परत इंटरव्ह्यू?" परीक्षितने विचारलं.

"कदाचित."

"दोन वर्षं कमी आहेत," तो म्हणाला.

"नियम आहे, मिस्टर कुळकर्णी."

"नाही, तसं नाही..." त्याला तक्रार करायची नव्हती. त्याने रीमाकडे पाहिलं. "कमी आहेत."

रीमाने टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला.

बाहेर ऊन परतलं होतं, पण पूर्ण नाही. सूर्याचा अजून लचका तोडलेला. ओकच्या झाडाखाली पानापानांमधून डांबरावर प्रकाशाच्या कोरी पडल्या होत्या, नखाएवढ्या, शेकडो, वाऱ्यासरशी सगळ्या एकदम हलणाऱ्या. आई त्यांच्या मधोमध उभी होती. निऱ्या वर धरून, पाय कुठे ठेवावा ते तिला समजत नव्हतं.

"झालं का रे?"

"झालं, आई," रीमा म्हणाली. "दोन वर्षांचं दिलं."

"दोनच?"

"मग परत विचारणार."

"विचारू दे," आई म्हणाली. तिचं अर्धं लक्ष खालीच होतं. "अरे, हे बघ ना, हे पायाखाली काय येऊन राहिलं! याच्यावर पाय कसा द्यायचा माणसानं?"

परीक्षितने तिचा हात धरला. तिच्या साडीवर, त्याच्या बुटांवर, रीमाच्या कपाळावर त्याच कोरी होत्या.

"रीमा," तो म्हणाला, "तुला कशाची भीती वाटते?"

"आत्ता? इथे?"

"हो."

"यू रिअली वाँट टू नो?"

"हो."

तिने ट्रकची किल्ली खिशात टाकली. झाडाच्या बुंध्याला टेकली. आईला जवळ ओढून सावलीत घेतलं. आणि मग, आधी इंग्रजीत, नंतर तिच्या त्या ह्यूस्टनच्या मराठीत, मध्येच शब्द शोधत, ती सांगू लागली.